मोह ओसरतो तेव्हां

भाऊबीज सरते, हलक्या धानाची कापणी उरकूं लागते आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत गांवोगांव मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा जिल्ह्यांत मंडई म्हणजे केवळ बाजार नव्हे. लेकीबाळी माहेरीं येतात, सोयरेधायरे जमतात, दिवसा खरेदीविक्री होते आणि रात्रीं नाटकाचा पडदा वर जातो. तो दहाच्या सुमारास एकदां वर गेला म्हणजे खेळ उजाडेपर्यंत चालावयाचा, हा झाडीपट्टीचा जुना शिरस्ता आहे. थंडीच्या रात्रीं घोंगडी पांघरून बसलेला तो समाज पाहिला, कीं या माणसांचें आपल्या नटांवर किती प्रेम आहे हें वेगळें सांगावें लागत नाहीं. परंतु याच मंडपांतून मध्यरात्रींच उठून घरची वाट धरणारीं वडीलधारीं माणसेंहि अलीकडे दिसूं लागलीं आहेत. 'पूर्वीचें नाटक राहिलें नाहीं,' एवढेंच म्हणून तीं उठतात.

त्यांच्या या उद्गारांत राग आहे. परंतु रागाहून दुःख अधिक आहे. ज्याला नाटकाची गोडी कधींच नव्हती, तो असें बोलत नाहीं. तो मुळीं येतच नाहीं. विटण्याचा अधिकार ज्यानें आधीं जीव लावला त्यालाच असतो. लाडक्या मंडळीविषयीं मन कां विटतें, त्यांत दोष मंडळीचा किती व रसिकाचा किती, आणि एकदां विटलेलें मन पुन्हां वळतें कीं नाहीं, या प्रश्नांचा अनुभव महाराष्ट्राच्या रंगभूमीनें एकदां फार मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. भंडाऱ्याच्या मंडपांत काय घडत आहे हें नीट समजावयाचें तर आधीं त्या जुन्या कथेकडे वळणें अवश्य आहे. ती कथा गंधर्व नाटकमंडळीची होय.

किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे या तिघांनीं १९१३ सालीं ही मंडळी काढली. बालगंधर्वांचें वय तेव्हां पंचवीस वर्षांचें होतें. परंतु कीर्ति त्यांच्या आधींच गांवोगांव पोंचली होती. १२ मार्च १९११ रोजीं 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशीं त्यांची लहानगी मुलगी वारली. तरीहि प्रयोग न चुकवितां ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत पुढें पिढ्यानपिढ्या घरांतून सांगितली गेली. १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें. भास्करबुवा बखले यांच्या चालींवर बालगंधर्वांची रुक्मिणी गाऊं लागली आणि ख्याल-ठुमरीची गोडी ज्या घरांत कधीं शिरली नव्हती तेथेंहि ती नाट्यपदांच्या वाटेनें शिरली. १९१९ सालीं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. त्याचे कर्ते राम गणेश गडकरी तो प्रयोग पाहावयास उरले नव्हते. जानेवारींत नागपुराजवळच्या सावनेर येथें त्यांनीं देह ठेवला आणि पुढल्याच महिन्यांत बडोद्यास पहिला प्रयोग झाला. त्यांतील पदें गडकऱ्यांच्या आजारपणामुळें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचून दिलीं होतीं. कालपर्यंत शालू नेसून मिरविणारा नट सिंधूच्या फाटक्या लुगड्यांत तितकाच शोभला, आणि रसिकांच्या प्रेमाला भक्तीचें रूप आलें.

ही भक्ति कशी होती याची कल्पना आज येणें कठीण आहे. शहरांतील स्त्रिया बालगंधर्वांच्या नेसण्याची, अंबाड्याची व फुलें माळण्याची ढब उचलीत. पुरुषानें स्त्रियांना नटण्यामुरडण्याची रीत शिकवावी, ही गोष्ट त्या काळीं कोणास विपरीत वाटली नाहीं. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर कांबळे, असा साज अन्य कोणत्या मंडळीपाशीं होता? पडदे, पोशाख, दागिने यांत कसर म्हणून ठेवावयाची नाहीं, अत्तर लावावयाचें तें अस्सल, हा मालकांचा बाणा होता. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ गंधर्व व ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनीं मिळून 'मानापमान' केलें. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. मराठी संगीत रंगभूमीचा तो कळस मानला जातो. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत केशवराव वारले.

कळसावरून पुढची वाट उताराचीच असते. बोडस व टेंबे हे भागीदार आधींच बाहेर पडले होते. व्यवहाराचा तोल सांभाळणारें कोणी उरलें नाहीं आणि मंडळीवर कर्जाचा मोठा बोजा झाला. बालगंधर्वांनीं नादारीचा मार्ग पत्करला नाहीं. कित्येक वर्षें राबून तें कर्ज त्यांनीं फेडलें. या काळांत प्रेक्षकांचें प्रेम कमी झालें नव्हतें. उलट तें सढळपणें व्यक्त होत होतें, आणि पुढल्या दुःखाचें बीज नेमकें तेथेंच होतें. आवडत्या पदाला 'वन्स मोअर' मिळाला कीं बालगंधर्व तें पुन्हां गात. पुन्हां मागणी आली कीं पुन्हां गात. एकेका पदापाशीं नाटक तासन्‌तास थांबे. कथानक कोठें होतें याची कोणास शुद्ध नसे आणि पर्वाहि नसे. नाटकाची मैफल झाली ती नटाच्या लहरीनें नव्हे, तर रसिकांच्या हट्टानें झाली. 'देवा, मायबापा' म्हणून प्रेक्षकांपुढें लवणाऱ्या त्या नटानें मागितलें तें दिलें. पुढें याच रसिकांनीं तक्रार केली कीं गंधर्वांच्या नाटकांत नाटक उरलें नाहीं.

तक्रारीला कारण कालाचें होतें. १९३१ सालीं 'आलम आरा' हा बोलपट निघाला, १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. सहा-सात तासांचें नाटक जेथें पाहत, तेथें अडीच-तीन तासांत, थोड्या पैशांत, सारें संपूं लागलें. १ जुलै १९३३ रोजीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. त्यांत पदें मोजकीं होतीं, घर खऱ्या घरासारखें होतें आणि स्त्रीची भूमिका ज्योत्स्ना भोळे या स्त्रीनेंच केली होती. ज्यांनीं तो प्रयोग पाहिला त्यांना पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषानें षोडशवर्षा रुक्मिणी होऊन यावें, ही गोष्ट प्रथमच डोळ्यांना खुपली. बालगंधर्व बदलले नव्हते. पाहणारा डोळा बदलला होता.

मग जें झालें तें अधिक करुण आहे. मंडळी थांबवून बालगंधर्व प्रभात कंपनीच्या चित्रपटाकडे वळले. १९३५ च्या 'धर्मात्मा' या बोलपटांत त्यांनीं संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. लोकांना आपली भामिनी पुरुषवेषांत पाहवेना. १९३७ सालीं 'साध्वी मीराबाई' या बोलपटांत ते पुन्हां स्त्रीवेषांत आले, तर लोकांना तेंहि पाहवेना. कारण रंगभूमीवरचें अंतर आणि दिव्यांचा प्रकाश यांनीं जें झांकलें जात होतें, तें चित्रपटाच्या यंत्रानें जवळ जाऊन उघडें केलें. त्यानंतर गोहरबाई कर्नाटकी या गायिका मंडळींत आल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनीं भक्तिभावानें आत्मसात केली होती. त्या स्त्रीभूमिका करूं लागल्या आणि जुने चाहते व जुने सोबती दोघेहि दुरावले. ज्योत्स्नाबाईंना डोक्यावर घेणाऱ्याच समाजानें गोहरबाईंना मात्र मंडळीच्या ऱ्हासाचें मूळ ठरविलें. यांत न्याय थोडा होता. आपला देव थकला हें मान्य करण्यापेक्षां कोणा परक्यानें तो भ्रष्ट केला असें मानणें भक्ताला नेहमींच सोपें जातें.

या कथेंतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. रसिक आपल्या मंडळीकडून एकाच वेळीं परस्परविरुद्ध मागण्या करितो. ती तशीच राहावी, कारण तिच्यांत त्याचें तारुण्य सांठविलेलें असतें. आणि ती बदलावी, कारण तो स्वतः बदललेला असतो. दुसरी गोष्ट अशी कीं, जी मंडळी एकाच कंठावर उभी असते तिचें आयुष्य त्या कंठाच्या आयुष्याहून मोठें असूं शकत नाहीं. तरीहि कथेचा शेवट कडू नाहीं. १९६४ सालीं बालगंधर्वांना पद्मभूषण पदवी मिळाली. १५ जुलै १९६७ रोजीं ते निवर्तले आणि पुढल्या वर्षीं, २६ जून या त्यांच्या जन्मदिवशीं, पुण्यास त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें. त्यांना पाहिलें नाहीं अशा पिढ्यांनीं ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकल्या आणि आजोबांचा मोह खोटा नव्हता, असा निर्वाळा दिला. विटलेलें मन वळलें. परंतु वळावयास तबकडी शिल्लक होती म्हणून वळलें.

आतां भंडाऱ्याकडे यावयाचें. हा जिल्हा मध्यप्रांताचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांचा धानाचा, तलावांचा आणि जंगलांचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. पुण्यामुंबईच्या थिएटरांपासून शेंकडों मैल दूर असलेल्या या मुलखानें आपली करमणूक स्वतःच निर्माण केली. दंडार ही तिची जुनी जननी. खडी गंमत ही तिची बहीण. ढोलकी व टाळ यांच्या साथीवर रात्रभर चालणाऱ्या या खेळांत स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेत. लेखी संहितेवांचून कथा पुढें जाई, आणि राजा, प्रधान व विदूषक हे सारे गांवचेच असत. रात्रीं मुकुट घालणारा सकाळीं खळ्यावर धान झोडपतांना दिसे.

या शेवटल्या गोष्टीचें महत्त्व मोठें आहे. पुण्याच्या रसिकाला बालगंधर्व दुरून दिसत. म्हणून ते गंधर्व होते, आणि जवळून दिसतांच मोह ओसरला. दंडारींतल्या राजाला गांव आधींपासून जवळून ओळखत असे. त्याचा आवाज कधीं बसतो, त्याची शेती किती, त्याच्या घरीं भांडण काय, हें सारें ठाऊक असूनहि रात्रभर त्याला राजा मानावयाचें, हा तेथल्या रसिकतेचा करार होता. अशा प्रेमांत मोह कमी असतो आणि म्हणून मोहभंगहि कमी असतो. नट म्हातारा झाला तर त्याचा मुलगा उभा राही. खेळ कोणा एका कंठावर अवलंबून नव्हता, सुगीवर अवलंबून होता.

पुढें संगीत नाटकाचें वारें या मुलखांतहि पोंचलें. पेटी आली, पडदे आले, लिहिलेल्या संहिता आल्या. गांवचे हौशी तरुण भूमिका करीत आणि बाहेरून नटी आणवीत. दंडारीची जागा हळूहळू नाटकानें घेतली, आणि दंडारीवर पोसलेल्या जुन्या माणसांनीं तेव्हांहि नाकें मुरडलीं असतील, हें गृहीत धरावयास हरकत नाहीं. नंतर धंदेवाईक मंडळ्या निघाल्या. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें त्यांचें केंद्र बनलें. दिवाळीपूर्वींच तेथें गांवोगांवचे तरुण जातात, मंडळी ठरवितात, बयाना देतात, गांवांत मंडप घालतात आणि तिकीटविक्रींतून शिल्लक राहिलेला पैसा पुष्कळदां गांवच्याच एखाद्या कामीं लावतात. नट एका रात्रीं एका गांवीं, तर दुसऱ्या रात्रीं दुसऱ्या गांवीं. तालमीला सवड अशी नाहींच. म्हणून पडद्याआड बसून संवाद पुरविणारा प्रॉम्प्टर हा येथें खरा सूत्रधार आहे. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्रीं नाटक, असा जोड कार्यक्रम असे. दूरदूरचे पाहुणे येत; रात्रीं परत जाणें सोईचें नसे; म्हणून खेळ उजाडेपर्यंत चाले. नाटकाच्या निमित्तानें स्थळें पाहिलीं जात आणि सोयरिकी जुळत. रात्रभराचें नाटक शहरांत बोलपटानें मारलें. झाडीपट्टींत तें जगलें, कारण येथें त्या रात्रीची गरज केवळ कलेला नव्हती, संसारालाहि होती.

परंतु धंदा आला तसा जुना करार मोडला. नट आतां शेजारी राहिला नाहीं; तो ठरविलेला माणूस झाला. एकाच गांवांत एकाच रात्रीं दोन-दोन, तीन-तीन नाटकें लागूं लागलीं, तेव्हां गर्दी खेंचण्याची चढाओढ सुरू झाली. कथेच्या मध्येंच लावणी, सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच आणि द्व्यर्थी विनोद यांची भर पडली. मंडईच्या रात्रीं नाटकाच्या बरोबरीनें, कोठें कोठें नाटकाच्या जागीं, 'डान्स हंगामा' उभा राहिला. नोव्हेंबर १९२२ मध्यें जें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें, तें शंभर वर्षांनीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, घडलें: तुमसर तालुक्यांतील एका गावच्या मंडईंत अशा हंगाम्यांत नग्न नाच झाल्याचें उघडकीस आलें आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें. जिल्ह्यांतल्या पुष्कळ घरांनीं त्या बातमीनें मान खालीं घातली. कारण मंडई ही त्यांच्या लेकीबाळींची होती.

येथेंहि दोष एकट्या मंडळ्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं. गंधर्व मंडळीला 'वन्स मोअर' कोणी दिला, हा प्रश्न जसा विचारावा लागतो, तसाच हंगाम्याचीं तिकिटें कोणी काढलीं, हाहि विचारावा लागतो. शिवाय संकटें बाहेरूनहि आलीं. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या. शंकरपट गेला, त्याबरोबर दिवसाचे पाहुणे गेले आणि पुष्कळ गांवांतून रात्रीचें नाटकहि अडचणींत आलें. डिसेंबर २०२१ मध्यें त्या शर्यतींना पुन्हां परवानगी मिळाली. परंतु मध्यंतरीं करोनाच्या सांथीनें हंगाम बुडविला. सुनें पडलेलें अंगण भरावयाचें म्हणून जो तो हाताशीं येईल त्या आमिषाकडे वळला.

तथापि मध्यरात्रीं उठून जाणाऱ्या म्हाताऱ्यानें एक गोष्ट विसरूं नये. याच रंगभूमीवर नट आजहि स्वतःच्या गळ्यानें गातो. ऑर्गन, तबला, ढोलक यांच्या साथीनें, समोर बसलेल्या माणसांकडे पाहून, उघड्या थंडींत गातो. शहरांत ज्या परंपरेचें स्मारक झालें, ती येथें पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून जिवंत आहे. २०२३ सालीं या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री पदवी मिळाली, ती या जिवंतपणाचीच पावती होय. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीबोली आणि दंडार यांच्या शोधासाठीं वर्षानुवर्षें खर्चिलीं, तींहि एखाद्या मेलेल्या वस्तूची चिकित्सा म्हणून नव्हेत.

दोन्ही कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे एक भेद लक्षांत येतो, आणि तो गंभीर आहे. गंधर्व मंडळीवर रसिक रुसले, मंडळी मोडली, तरी बालगंधर्वांचा कंठ तबकडीवर राहिला. रुसलेल्यांच्या नातवंडांना परत यावयास दार उघडें होतें. दंडारीला असें दार नाहीं. तिची संहिता लिहिलेली नाहीं, तिच्या राजांचीं नांवें कोणीं छापलेलीं नाहींत, तिचा आवाज ज्या कानांत आहे ते कान थकत चालले आहेत. पुण्याच्या रसिकाला रुसण्याची चैन परवडली. भंडाऱ्याचा रसिक रुसून कायमचा उठून गेला, तर मागें परत यावयास कांहींच उरणार नाहीं.

म्हणून त्या म्हाताऱ्यानें मध्यरात्रीं उठून जावें, तें खुशाल जावें. जें वाईट तें वाईट म्हणण्याचा त्याचा अधिकार जुन्या प्रेमाचा आहे. मात्र जातां जातां, पूर्वींचें नाटक कसें होतें, राजा कोणत्या पावलानें येई, विदूषक कोणत्या बोलीवर समाज हंसवी, हें त्यानें घोंगडींत गुरफटून शेजारीं बसलेल्या नातवाला सांगून जावें. सुगी दरवर्षीं येते, मंडईहि दरवर्षीं भरते. पडदा पुन्हां वर जाईल तेव्हां कोणता खेळ मागावयाचा, हें त्या नातवाला ठाऊक असलें पाहिजे.